दोन मोकळ्या रेघा

लोणावळ्याला तुंगार्लीच्या रस्त्यावर एका पारशी बंगल्याच्या मागं पूर्वी घोडे बांधायची जागा होती. तिथं अनंत आणि गंगाधर या दोन मित्रांनी इलेक्ट्रॉनिक्सचं छोटंसं वर्कशॉप थाटलं होतं. भिंतीला अजून कड्या होत्या आणि पावसाळ्यात जमिनीतून जुन्या गवताचा वास यायचा. अरुंधती ही गंगाधरची बायको. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली आणि हाताची फार स्थिर. वर्कशॉपला सर्किटचे बोर्ड बनवायची कामं मिळायला लागली तेव्हा गंगाधरच म्हणाला, बाहेरचा माणूस कशाला, तूच ये. तेव्हापासून ती रोज त्याच्याबरोबर तळेगावहून आगगाडीनं लोणावळ्याला येऊ लागली.

तिचं काम असं : खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची, शेजारी गंगाधरनं पेन्सिलीनं काढलेलं सर्किट ठेवायचं आणि ते बघून फिल्मवर काळी बारीक टेप चिकटवत जायची. जिथं टेप चिकटली तिथं पुढं बोर्डावर तांबं राहणार आणि त्या तांब्यातून वीज जाणार. चुकली तर ब्लेडच्या टोकानं टेप उचलून पुन्हा लावायची. बोलायला वेळ नसे आणि गरजही नसे. पलीकडच्या बाकावर गंगाधर सोल्डर करत बसलेला असे, आणि मधूनच म्हणे, "अरू, त्या कोपऱ्यात जरा जागा ठेव, तिथलं नंतर बघू."

अठ्ठ्याहत्तर साली मार्गशीर्षात गंगाधरला ताप आला. साधा ताप म्हणून त्यानं तो अंगावर काढला. मग डोळे पिवळे झाले. कुणी झाडपाल्याचं औषध सांगितलं, तेही झालं. शेवटी पुण्याला नेलं तोवर कावीळ पोटात उतरली होती. शेवटचे दोन-तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता, त्यामुळं बोलणं असं काही झालंच नाही.

लोक म्हणाले, तिला रडू द्या. ती रडेना. मग म्हणाले, तिला रडवा. नात्यातल्या बायका गळ्यात पडून गेल्या, गंगाधरच्या आठवणी काढून गेल्या. अरुंधती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. समोर ताट आलं की जेवायची, नाही आलं तर मागायची नाही. घरात आता ती आणि सासूबाई दोघीच उरल्या होत्या. सासूबाई पहाटे उठून आपला चहा घेत, अरुंधती नंतर उठून आपला घेई. गंगाधरचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. असं ठरवलं कुणीच नव्हतं, पण दोघी ते पाळत होत्या.

महिन्याभरानं अनंत घरी आला. दारातच त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो चपला न काढता ओसरीवर बसून रडला. अरुंधतीनं त्याला पाणी आणून दिलं. डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, हॅचरीचा बोर्ड अर्ध्यात पडलाय. त्याचं शेवटचं काम आहे. ते तुमच्याच हातून व्हावं असं वाटतं."

"येते उद्यापासून," ती म्हणाली. घरात बसणं आणि तिकडं जाऊन बसणं यात तिला काही फरक वाटत नव्हता.

हॅचरी लोणावळ्याजवळ औंढ्याला होती. कोंबडीची अंडी मोठ्या उबदार कपाटांत ट्रेवर मांडून ठेवायची आणि तीन आठवड्यांनी पिल्लं काढायची. या काळात ऊब एकसारखी लागते आणि ट्रे थोड्या थोड्या वेळानं कलते करावे लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. शेवटचे दिवस आले की मात्र ट्रे अजिबात हलवायचे नाहीत आणि ऊबही थोडी उतरवायची. हे सगळं दिवस मोजून आपोआप करणारं यंत्र गंगाधरनं करायला घेतलं होतं. त्यासाठी त्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चाळीस पायांची, बोटभर लांबीची काळी चिप आणली होती. मायक्रोप्रोसेसर. तोवर त्यांच्या वर्कशॉपात सगळा कारभार रिलेवर, म्हणजे विजेनं उघडमीट होणाऱ्या खटक्यांवर, चाले. ही पहिलीच वस्तू अशी होती की जी आकडा लक्षात ठेवणार होती.

अरुंधतीनं ड्रॉइंग पसरलं. वीज, मोटर, हीटर, आकडा दाखवणाऱ्या लाल काचा, सगळं नीट काढलेलं होतं. एका कोपऱ्यात रीसेटचा भाग होता. रीसेट म्हणजे चिपला 'सगळं विसर आणि पहिल्यापासून सुरू कर' असं सांगणं. ते सांगणारी एक धाकटी चिप शेजारी होती, तिला चार वाटांनी खबर येऊ शकत होती. चारी वाटांवर विजेचा दाब असेल तोवर मोठी चिप आपलं काम करत राहणार, एकीवरचाही दाब गेला की पुन्हा एकपासून. पहिली वाट वीज येण्याची होती, दुसरी समोरच्या बटणाची. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेवरून पेन्सिलीच्या दोन रेघा निघाल्या होत्या, त्या कागदभर वळणं घेत कडेपर्यंत आल्या होत्या आणि तिथं संपल्या होत्या. पुढं काही नव्हतं.

"या दोन कुठं जातात?" तिनं विचारलं.

अनंत ड्रॉइंगवर वाकला. बराच वेळ त्यानं ते पाहिलं. "तुम्हाला काही बोलला होता का तो?"

"नाही."

"आठवून बघा, वहिनी."

तिनं आठवून पाहिलं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तो गाडीत खिडकीशी बसून कागदावर काहीतरी काढत होता, एवढंच आठवलं. त्यानं काय काढलं ते नाही.

अनंत म्हणाला, "आपण त्याला हात लावायचा नाही. त्यानं काढलंय तसंच ठेवू. कडेपर्यंत तांबं न्या आणि सोडून द्या. कधीतरी कळेल. तार जोडलीच नाही तर तिचा त्रास काय होणार आहे?"

तिनं टेप घेतली आणि दोन्ही रेघा पेन्सिलीप्रमाणं वळणावळणांनी बोर्डाच्या कडेपर्यंत नेल्या.  काम झाल्यावर तिनं टेबलाखालचा दिवा बंद केला.

उन्हाळ्यात बोर्ड तयार झाला. वर्कशॉपच्या बाकावर तो आठवडाभर चालवून पाहिला, एकदाही चुकला नाही. अनंतनं पेढे आणले आणि पहिला पेढा अरुंधतीला देताना पुन्हा त्याचे डोळे भरून आले. तिनं पेढा खाल्ला. तो गोड असणार हे तिला ठाऊक होतं. जूनमध्ये यंत्र औंढ्याला बसवलं.

आषाढात एक दिवस हॅचरीचा मालक स्वतः वर्कशॉपात आला. रेनकोटसुद्धा न काढता उभ्यानंच बोलला. पहिली खेप पूर्ण वाया गेली होती. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आलेली असताना यंत्र कधीतरी एकवर गेलं, त्यानं पुन्हा ट्रे हलवायला सुरुवात केली आणि ऊब वाढवली. "माणसं ठेवली होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला. दुसरी खेप आत होती आणि यंत्र तिच्यातही दोनदा मागं गेलं होतं.

अनंतनं पुण्याच्या एका कॉलेजातून ओळखीनं स्कोप मागून आणला. विजेची चाल हिरव्या रेघेनं दाखवणारं ते जड यंत्र टांग्यात घालून, वर ताडपत्री टाकून ते औंढ्याला निघाले. स्कोपकडं एकानं बघायचं आणि आकड्याकडं दुसऱ्यानं, म्हणून अरुंधतीला बरोबर जावं लागलं.

हॅचरीत ट्रे भरण्या-उतरवण्याचं काम चिमाबाई करायची. औंढ्याच्या वर डोंगराच्या पोटाशी तिची वाडी होती. वाळकी, उंच, कासोटा घातलेली बाई. यंत्र बेभरवशाचं झाल्यापासून ती पुन्हा हातानं ट्रे कलते करत होती. अरुंधतीला बघून ती काम न थांबवता म्हणाली,

"तुमीच केलं व्हय ह्ये यंत्र?"

"आम्ही केलं."

"लय इसराळू हाय बगा. काल बारा म्हनत हुतं, आज पुन्यांदा एक. म्या म्हनलं, आरं बारा दीस म्या मोजल्यात. तर त्येला काय त्येचं!"

दाराशी एक घमेलं होतं. त्यात पहिल्या खेपेतली फोडून पाहिलेली अंडी अजून पडून होती. आत पिल्लं पुरी झालेली, ओली पिसं, चोची कवचाला टेकलेल्या. अरुंधतीनं त्यांच्याकडं पाहिलं. वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि ती वाट बघत थोडी थांबलीही. मग ती आत गेली.

आकडा पुढं नेण्याचं वेगळं बटण होतं, त्यानं अनंतनं तो चिमाबाईच्या मोजणीवर आणून ठेवला. मग तो स्कोपच्या तारा लावत होता तोवर चिमाबाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं अरुंधतीचं कपाळ पाहिलं.

"मालक कवा गेलं?"

इतक्या महिन्यांत असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "मार्गशीर्षात."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"रडलीस का?"

"नाही."

चिमाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. "माजं धाकलं गेलं तवा भाताची लावनी चालू हुती. मातीला न्हेलं, परत आल्ये, आन् पुन्यांदा चिखलात उतरल्ये. बाया म्हनल्या, बगा कशी हाय. मला कायबी वाटत नव्हतं, तर काय करू? रोपं वाळत हुती." ती पुढच्या ट्रेकडं वळली. "येतंय तवा येतंय. न्हाई आलं तर न्हाई."

 अरुंधतीला तिथं उभं राहायला बरं वाटत होतं, एवढंच. कपाटांची ऊब होती आणि कुणी काही मागत नव्हतं.

"वहिनी, आकडा?" अनंतनं हाक दिली.

"तेरा."

ट्रेची मोटर घरघरत सुरू झाली. स्कोपच्या काचेवरच्या सपाट हिरव्या रेघेला एक बारीक काटा फुटला. "आकडा?" "तेराच." मोटर थांबली, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, पुन्हा काटा, या वेळी जरा लांब. अनंत एकेक पिन, म्हणजे चिपचा पाय, तपासत होता. दुपार उलटून गेली. मालकानं चहा पाठवला तो तसाच निवला. आणि मग एकदा मोटर सुरू होताना काटा काचेच्या खालच्या कडेपर्यंत गेला.

"एक," अरुंधती म्हणाली.

अनंत खाली बसला. स्कोपची तार त्या दोन मोकळ्या वाटांपैकी एकीवर होती. त्यानं ती दुसरीवर लावली. पुढच्या वेळी तिथंही तसाच काटा.

"त्याच दोन," तो हळू आवाजात म्हणाला. "वहिनी, माझा सगळा जन्म रिलेत गेला. रिलेला तार जोडली नाही तर तो बिचारा गप पडून राहतो. ही चिप तशी नाही. हिची वाट मोकळी सोडली की बहुतेक वेळ ती दाब आहे असंच धरून चालते. पण शेजारी मोटर सुरू झाली, हवेत ओल असली, की त्या मोकळ्या तांब्यावर जे येईल ते हिला खरं वाटतं. आणि आपण ते तांबं केवढं लांब नेलंय, पार कडेपर्यंत. बाकावर मोटर नव्हती, ओल नव्हती. तिथं कसं कळणार?"

"मग बांधून टाका."

"कशाला बांधू?"

"दाब जिथं असतो तिथं. पाच व्होल्टाला."

अनंतनं मान खाली घातली. "म्हणजे त्या दोन वाटा संपल्या. त्याच्या मनात काहीतरी असणार, वहिनी. एक कदाचित वीज कमी झाली तर सांगण्यासाठी असेल. दुसरी दाराची असेल, दार उघडं राहिलं तर... मी सहा महिने यावर विचार करतोय. थोडे दिवस थांबलो आणि शोधून काढलं तर आपण ते त्याच्या मनासारखं पुरं करू. तुम्हाला खरंच काही बोलला नव्हता?"

जानेवारीपासून त्यानं हे किती वेळा विचारलं होतं. दर वेळी ती नाही म्हणत आली होती, आणि दर वेळी तो असं बघायचा की जणू तिनं कुठंतरी नीट शोधलं नाही.

"अनंतराव," ती म्हणाली, "त्यांना ठाऊक नव्हतं."

"काय?"

"चार वाटांची चिप मिळाली. लागत होत्या दोन. उरलेल्या दोहोंचं नंतर बघू म्हणून त्यांनी रेघा कडेला नेऊन ठेवल्या. त्यापलीकडं काही नाही. आमच्या मोरीतल्या नळाला दोन वर्षं चिंधी बांधलेली आहे, तीही नंतर बघू म्हणूनच."

पलीकडं चिमाबाईच्या ट्रेचा आवाज चालू होता. अनंतनं आधी तिच्याकडं रोखून पाहिलं, मग चेहऱ्यावरून हात फिरवला.

"तुम्हाला त्याचा राग आलाय, वहिनी."

तिनं आपल्या आत पाहिलं. राग होता की नव्हता ते तिला कळेना. पण जे बोलली ते खरं होतं, याबद्दल शंका नव्हती. "ब्लेड द्या," ती म्हणाली.

बोर्ड बाहेर काढला. दोन्ही वाटांचं लांबलचक तांबं पिनेजवळच तोडायचं होतं, म्हणजे ओढून आणायला काही उरणार नाही. जी टेप तिनं स्वतः लावली होती तिचंच ते तांबं. तिनं ब्लेड दाबून दोन ठिकाणी ते खरवडलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि उजेडाकडं धरून बघितलं. मग अनंतनं प्रत्येक पिनेपासून पाच व्होल्टापर्यंत विजेला थोडी अडवणारा एकेक छोटा रेझिस्टर सोल्डर केला. थेट तार का नको, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मधे रेझिस्टर असला की पिन जागच्या जागी राहते, पण कोंडली जात नाही. पुढं कुणाला ती वापरायची झाली तर जोडता येते." हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच कामाच्या माणसासारखा झाला होता.

बोर्ड पुन्हा बसवला. मोटर सुरू झाली. हिरवी रेघ किंचित थरथरली आणि सपाट राहिली. दोघं अंधार पडेपर्यंत बघत राहिले. त्याच बटणानं आकडा पुन्हा पुढं नेऊन चिमाबाईच्या मोजणीशी जुळवून दिला आणि टांगा बोलावला.

त्या दिवशी अरुंधती घरी पोचली तेव्हा सासूबाई आपलं जेवण आटपून जप करत बसल्या होत्या. अरुंधतीनं ताट वाढून घेतलं. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "आई, यांचं ड्रॉइंग अर्धं होतं. आज आम्ही ते मिटवून टाकलं."

सासूबाईंच्या बोटांतली माळ थांबली.  आता उठून आत जातील असं अरुंधतीला वाटलं.

"कंदील तसाच करायचा तो," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीचा. काड्या बांधायचा झकास. कागद तीनच बाजूंना लावायचा. मी म्हणे, अरे, चौथी बाजू? तर म्हणे, ती भिंतीकडं आहे, कुणाला दिसतेय?" आणि त्यांना हसू आलं. हसता हसता त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि मग त्या नुसत्याच हलत राहिल्या. अरुंधती उष्ट्या हातानं त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला रडू आलं नाही. पण सासूबाई आणखी दोन गोष्टी सांगत होत्या, एक सायकलची आणि एक मुंजीतल्या सोवळ्याची, आणि त्या दोन्ही तिला आजवर माहीत नव्हत्या. हात वाळेपर्यंत ती ऐकत बसली.

औंढ्याची दुसरी खेप निघाली. सगळीच नाही, कारण मधल्या चुकांनी काही अंडी गेलीच होती. तिसरी चांगली निघाली. अनंत बघून आला, पिल्लांचं वर्णन करत राहिला. अरुंधती गेली नाही. तिनं नवा मास्टर, म्हणजे त्या बोर्डाची नवी फिल्म, करायला घेतला होता. त्यात तिनं ते दोन रेझिस्टर रीतसर दाखवले, आणि कडेपर्यंतच्या रेघा काढल्याच नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला अनंतनं एका नव्या इंजिनिअरला कामावर घेतलं. तो गंगाधरच्या बाकावर बसू लागला. पहिल्या दिवशी अनंतला ते बघवलं नाही, तो चक्कर मारायला बाहेर गेला. अरुंधतीनंच नव्या इंजिनिअरला सोल्डरिंगचं सामान कुठं असतं ते दाखवलं.

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झालं. अनंत आला, जेवला, रडला. चिमाबाईनं त्याच्याबरोबर वाडीवरचे थोडे तांदूळ पाठवले होते, ते सासूबाईंनी वेगळे काढून ठेवले. त्या आता सकाळचा चहा दोघींचा एकदमच टाकत.

पुढच्या आठवड्यात अरुंधती नेहमीच्या गाडीनं निघाली. कामशेतला एक बाई हरभऱ्याच्या ओल्या पेंड्या घेऊन डब्यात चढली. अरुंधतीनं एक पेंडी घेतली. का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं. वर्षभरात तिनं लागत नसलेली वस्तू घेतली नव्हती. ती खिडकीशी बसून घाटे सोलू लागली. पाल्यावरची आंब बोटांना लागली, बोटांची ओठांना लागली, आणि ओठ चरचरले. आंबट लागलं. तिनं जीभ फिरवून पुन्हा पाहिलं, तरी आंबटच. मळवली गेलं तेव्हा ती अजून सोलत होती आणि एकेक दाणा चावून खात होती.